आण्णांचा क्लच

"आण्णा, ब्रेक!" मी ओरडले.

"ब्रेकच दाबलाय!" आण्णा माझ्याहून मोठ्यानं ओरडले.

कुंभार्ली घाटाचा उतार. पाठीमागं पिकअपमध्ये पार वरपर्यंत रचलेले अंड्यांचे ट्रे, आणि तिसऱ्या गिअरमध्ये टाकलेली काठी आपली आपण खटकन उडून मोकळी झालेली. गिअर सुटला की उतारावर गाडीला मागं खेचून धरणारं कुणी उरत नाही. गाडी नुसती स्वतःच्या वजनानं पळत सुटते. आण्णा काठी परत आत ढकलत होते आणि खालून कर्रर्र, कर्रर्र असा आवाज येत होता. माझे दात आंबले त्या आवाजानं. शेवटी त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला दाबली आणि पुढचं चाक गटारात उतरवलं. गाडी धाडकन थांबली. मागं सगळे ट्रे एकदम पुढं सरकले.

मग मागच्या फळक्याखालून पिवळं गळायला लागलं.

"त्या इलाही मिस्त्रीला उलटा टांगतो का न्हाई बघ," आण्णा म्हणाले आणि दार उघडून खाली उतरले. अनवाणीच.

आण्णा कधी चप्पल घालून गाडी चालवायचे नाहीत. चप्पल सीटच्या मागं, पाय धुऊन पुसून मग आत. गाडी लक्ष्मी आहे म्हणायचे. पण खरं कारण दुसरं होतं. "क्लच पायाला कळाय लागतो," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. "चप्पल घालून काय कळतंय, कप्पाळ!" अर्ध्या विट्याला त्यांनी गाडी शिकवली होती आणि सगळ्यांना पहिल्या दिवशी चप्पल काढायला लावली होती. आण्णा गिअर कधी बदलतात ते शेजारी बसलेल्याला समजत नाही, असं लोक कौतुकानं सांगायचे. लहानपणी मी मुद्दाम डोळे मिटून बसायची आणि ओळखायचा प्रयत्न करायची. कधीच ओळखता आलं नाही.

मला मात्र त्यांनी गाडी शिकवली नव्हती. "बाईच्या पायाला क्लच कळत न्हाई," म्हणायचे. त्यावरनं आमची भांडणं व्हायची आणि दर वेळी मीच हरायची. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो. विट्याच्या पोल्ट्र्यांतनं अंडी निवडून घ्यायची, ट्रे भरायचे, व्यापाऱ्याशी भांडायचं ही कामं माझी. गाडी त्यांची. या दोन गोष्टींवर आमचं घर चालायचं आणि त्यातली एक आता दर पंधरवड्याला मोडून पडायला लागली होती.

गटारातनं गाडी काढायला एका ट्रकवाल्यानं मदत केली. चिपळूणला पोचलो तेव्हा मांडकेशेठ दुकानाबाहेर उभे होते. त्यांनी फळक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पदार्थ नासल्यावर करतात तसं तोंड केलं.

"शालनताई, हे आता नेहमीचंच झालं हो."

"गिअरबॉक्सचं काम निघालंय शेठ. एवढ्या वेळी समजून घ्या."

"समजून घ्यायला माझी ना नाही. पण बेकरीवाले काय मला समजून घेतात? शुक्रवारचा माल असा आला तर मी कोल्हापूरकडून मागवणार. मग मला बोल लावू नका."

आण्णा तिथंच उभे होते. एरवी शेठला दोन ऐकवून आले असते. त्या दिवशी ते फडक्यानं फळका पुसत राहिले.

घाट चढून परत येताना मी तिसऱ्या गिअरची काठी दोन्ही हातांनी धरून बसले होते. म्हणजे आण्णांनी गिअर टाकायचा आणि मी काठी दाबून धरायची. हात भरून आले. मनातल्या मनात मी इलाही शिकलगारच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

इलाही म्हणजे आमचा मिस्त्री. अंगानं आडवा, मिशीला मेंदी, आणि तोंडाचा एवढा फटकळ की गिऱ्हाईक गॅरेजात शिरायच्या आधी दोनदा विचार करायचं. "गेरबॉक्स म्हणजे इलाही," असं स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्यानं आमची क्लचप्लेट बदलली होती. मग आतल्या पितळी रिंगा बदलल्या होत्या, ज्यांच्यामुळं गिअर न घासता बसतो. तेल बदललं होतं. तरी पुन्हा तेच. थोडे दिवस बरं चालायचं, मग कर्रर्र सुरू व्हायचं आणि मग गिअर उडायला लागायचा.

आम्ही गॅरेजात शिरलो तेव्हा तो बशीतनं चहा पीत होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काय झालं म्हणून विचारताय?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मरता मरता वाचलो आम्ही! घाटात गिअर उडाला. जुना माल बसवता आणि नवा म्हणून सांगता होय?"

बशी खाली ठेवली त्यानं. "जीभ सांभाळ, शालन. इलाहीनं आजपातूर कुणाला जुना माल दिलेला न्हाई."

"मग रिंगा जातातच कशा? चांगल्या गाडीच्या वर्षानुवर्षं टिकतात म्हणं!"

"टिकत्यात."

"मग आमच्याच का जातात?"

इलाही उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला. त्यानं आण्णांकडं बघितलं. आण्णा बाहेर पिकअपच्या टायरला टेकून उभे होते. इलाही परत माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "उघडून बघतो."

"उघडून बघतो, उघडून बघतो! गिअरबॉक्स आहे का बटाट्याचं पोतं, रोज उघडायला?"

"आण्णा, तुमच्या पोरीला आवरा," त्यानं बाहेर हाक मारली.

"मी काय आवरू? बरोबर बोलत्या ती," आण्णा तिथनंच म्हणाले.

इलाहीचा चेहरा पडला. या माणसाला कुणी काही बोललं की तो अंगावर यायचा. पण आण्णांपुढं त्याचं तोंड चालायचं नाही. पोरसवदा असताना त्याला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं होतं. तो एवढंच म्हणाला, "ह्या टायमाला गेरबॉक्सच दुसरा बसवतो. मोठ्या गाडीचा. दांडगा. आख्खा घाट उताणा पडला तरी सुटायचा न्हाई."

मग पुढचे दिवस मी गॅरेजात ठाण मांडून बसले. घरी कामं पडली होती, पण मला त्या माणसाचा भरवसा राहिला नव्हता. प्रत्येक नटबोल्ट माझ्या डोळ्यांदेखत बसला पाहिजे असं मी ठरवलं होतं. जुना गिअरबॉक्स त्यानं खाली उतरवला, उघडला, आणि तिसऱ्या गिअरची चक्री माझ्या हातात दिली. बाजूचे बारीक दात झिजून गोल झाले होते, एकदोन तर तुटूनच गेले होते.

"बघ. कुणीतरी कानशीनं घासावं तसं झालंय," तो म्हणाला.

"म्हणजे माल खराब."

"माल खराब न्हाई."

"मग काय खराब आहे? सांगा की एकदा स्पष्ट!"

तो पान्हा पुसत बसला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. मी आणखी चार वाकडे शब्द सुनावले. त्यानं सगळे गिळले. तेव्हा मला ते विजयासारखं वाटलं होतं.

आण्णा दुपारी डबा घेऊन यायचे. एकदा आले ते एकाच पायात चप्पल घालून. डाव्या पायातली वाटेत कुठं पडली त्यांचं त्यांना माहीत नव्हतं. मी हसले. "आण्णा, कुणाच्या दारात सोडून आला?" तेही हसले, आणि गुपचूप मागं फिरून चप्पल शोधायला गेले. बराच वेळ लागला त्यांना. आल्यावर डबा उघडून बसले आणि मला म्हणाले, "शुक्रवारी पोचायचंच हं पोरी. मांडक्यानं एकदा तोंड फिरवलं की फिरवलं. मला ह्या वयात दुसरं काय यायचंय?"

"पोचणार. नाही पोचलो तर ह्यांच्या गॅरेजपुढं उपोषणाला बसते," मी इलाहीला ऐकू जाईल असं म्हणाले.

गुरुवारी सकाळी नवा गिअरबॉक्स बसला. इलाही स्वतः चालवायला बसला, मी शेजारी. खानापूरच्या रस्त्याला त्यानं गाडी पळवली, चढावर नेली, उतारावर सोडली. लोण्यात सुरी जावी तसा गिअर पडत होता. कुठं कर्र नाही की खट्ट नाही.

"आता बोल!" इलाही मिशीवर हात फिरवत म्हणाला.

"मागच्या वेळीही तुम्ही चालवली तेव्हा चांगलीच चालली होती."

त्याचा हात मिशीवर थांबला. पण मी बोललेलं मलाच ऐकू आलं नाही.

परत आलो. आण्णा हौसेनं पुढं आले. नळावर पाय धुतले, पुसले, चप्पल मागं टाकली, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि बसले. गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत एक फेरी मारायची होती. मी आणि इलाही दारात उभे राहिलो. पहिला पडला. दुसऱ्याला जरा घासल्यासारखं झालं. तिसऱ्याला गाडी किंचाळली. कर्रर्रर्र!

मी डोकं धरलं. "मेल्या मिस्त्रीनं परत..." असं काहीतरी मोठ्यानं म्हणाले. आण्णा गाडी थांबवून उतरले, लालबुंद होऊन.

"इलाही! हे काय केलंस? घाटात मारतोस काय आमाला?"

"आण्णा..."

"आण्णा नगं आन् फिण्णा नगं! उघड ते! माझ्या म्होरं उघड! काय बसवलंयस ते मला बघायचंय!"

ते तरातरा गॅरेजात शिरले. आत जुना गिअरबॉक्स तसाच उघडा पडला होता आणि सगळीकडं लोखंडाचा कीस, तुटके दात, सर्किपच्या कड्या, वायसर पसरलेले. आण्णा त्यातनं सरळ चालत पलीकडच्या टेबलापर्यंत गेले. तिथनं इलाहीला शिव्या देत परत फिरले, पुन्हा गेले, पुन्हा फिरले. मीही त्यांच्या सुरात सूर मिसळला होता. "उद्या सकाळी माल निघायचाय, समजतंय का तुम्हाला?" इलाही खाली बघत उभा होता. मला वाटलं, शरमेनं.

"वर बघा की! आता का मान खाली?" मी म्हणाले.

त्यानं मान वर केली नाही. नुसतं बोटानं फरशीकडं दाखवलं.

ऑइलनं काळ्या झालेल्या फरशीवर पावलं उमटली होती. टेबलापासनं दारापर्यंत, दारापासनं टेबलापर्यंत. एकाच पायाची. ओली आणि लाल.

"आण्णा," मी म्हणाले. "पाय."

"काय पाय?"

"तुमचा पाय, आण्णा!"

आण्णांनी खाली बघितलं. आधी उजवा पाय उचलून बघितला. त्यात काही नव्हतं. मग डावा उचलला. टाचेच्या पुढं, मऊ भागात, तुटका दात रुतून बसला होता. तिसऱ्या गिअरचा. त्यावरच ते एवढा वेळ चालत होते आणि भांडत होते.

"कवा लागलं हे?" आण्णा म्हणाले. मला नव्हे, इलाहीलाही नव्हे. पायालाच विचारल्यासारखं.

इलाहीनं स्टूल पुढं ओढलं आणि त्यांना बसवलं. मी पाय मांडीवर घेतला. तळव्याला जुने चट्टे होते. एक भाजल्यासारखा, एक कापलेला आणि आपला आपण बुजलेला. मी अंगठा चिमटीत धरून दाबला. आण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते, पायाकडं नाही.

"दुखतंय?"

मी आणखी जोरात दाबला.

"आण्णा, दुखतंय का?"

"दाबलास व्हय?" ते म्हणाले.

माझ्या डोक्यात सगळं एका दमात जागेवर बसलं. वाटेत पडलेली चप्पल. हल्ली गिअर टाकताना खाली वाकून बघणं. साखरेच्या आजाराची गोळी चुकवायची नाही म्हणून डॉक्टर ओरडले होते आणि आम्ही दोघं घरी येऊन त्यांची नक्कल करून हसलो होतो, ते. क्लच अर्धाच दाबला जात होता. पाय पुरता गेला का नाही ते त्या पायाला समजतच नव्हतं, आणि अर्ध्या क्लचवर गिअर टाकला की कुठलाही गिअरबॉक्स, कितीही दांडगा असला तरी, घासून घासून मरणारच होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडीपासनं. आधी बोटं गेली. मग वर वर आलं." आण्णा हळू बोलत होते. "पाय हाय का न्हाई ते खाली वाकून बघाय लागतंय."

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नसेल.

"आणि सांगितलं नाही? घाट उतरत होता तुम्ही! मला शेजारी बसवून घाट उतरत होता!"

"सांगून काय झालं असतं?" तेही उसळले. "गाडी कोण चालवणार हुतं? तू?"

ते खरं होतं. मग मी इलाहीवर उलटले, कुणावर तरी उलटायलाच हवं होतं. "तुम्हाला माहीत होतं!"

"माहीत न्हवतं." इलाहीचा आवाज घोगरा झाला होता. "शंका आल्ती. दात बघितलं की कळतंय, क्लच पुरा जात न्हाई. पर कुणाला म्हणू? माझ्या उस्तादाला, तुमाला क्लच दाबता येत न्हाई म्हणून? तुझ्या शिव्या परवडल्या, पोरी."

आण्णांनी मान खाली घातली. इलाहीनं स्वच्छ फडकं आणलं आणि त्यांच्या पायाला बांधायला खाली बसला. बांधताना म्हणाला, "घट्ट झालं तर सांगा." मग स्वतःच थांबला, आणि गाठ जरा सैल केली.

शुक्रवारचा माल इलाहीनं पोचवला. गॅरेज बंद ठेवून तो स्वतः स्टिअरिंगवर बसला. चिपळूणला एकही ट्रे हलला नाही. मांडकेशेठ म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं!" मी त्यांना काही सांगितलं नाही. परत येताना इलाहीला मात्र मी म्हणाले, "मी तुम्हाला नको ते बोलले." तो म्हणाला, "मंग? अजून बोल. त्याशिवाय रस्ता सरायचा न्हाई."

डॉक्टरांनी आण्णांना सांगितलं, गाडी बंद. घरात सुद्धा अनवाणी चालायचं नाही, मऊ तळाचे बूट कायम पायात. आण्णांनी गाडीचं ऐकलं. बुटाचं ऐकेनात. घरात घालायचे, पण गाडीजवळ गेले की काढून ठेवायचे. नुसतं तिला पुसायला गेले तरी. त्यावरनं मी रोज भांडायची. "लक्ष्मीला काय बुटानं विटाळ होतोय होय?" ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि बोनेट पुसत राहायचे.

एका सकाळी त्यांनीच मला हाक मारली. किल्ली माझ्यापुढं धरली होती.

"चल माळावर."

"कशाला?"

"चल म्हणलं ना. प्रश्न लई तुला."

त्यांच्यासारखा वाईट शिक्षक मी दुसरा बघितला नाही. मी क्लच सोडला की ओरडायचे, दाबला की ओरडायचे. "सोड! सावकाश! अगं, म्हशीच्या शेपटीवर पाय दिल्यागत काय दाबतीस?" मी चपलेसह बसायची. त्यावरनं पहिले आठ दिवस तेवढंच भांडण. "क्लच पायाला कळाय लागतो," ते म्हणायला लागायचे आणि मधेच गप्प व्हायचे. मग मीच एका दिवशी चप्पल काढून मागं टाकली. त्यांनी बघितलं, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

पावसाळा सरल्यावर मी पहिल्यांदा घाट उतरले. भरलेल्या गाडीनं, अंड्यांच्या ट्रेसह. आण्णा शेजारी बसणार होते. निघताना ते डाव्या दारापाशी उभे राहिले, पायातल्या बुटांकडं बघत. मी स्टिअरिंगवर बसून वाट बघत होते. फार बोलून झालं होतं. आण्णांनी गाडीला हात लावला, कपाळाला लावला आणि बूट घालूनच आत चढले. आयुष्यात पहिल्यांदा.

कोयनानगर मागं पडलं आणि उतार सुरू झाला. आण्णा पुढं बघत बसले होते, पण त्यांचा डावा पाय बुटात उगाच खाली दाबला जात होता, जिथं क्लच नव्हता तिथं. ते त्यांना माहीत नसावं. मी सांगितलं नाही.

गेल्या खेपेला चाक गटारात घातलं होतं ते वळण आलं. मी क्लच दाबला, तळव्यानं पार तळापर्यंत, तिसऱ्यातनं दुसरा टाकला आणि पाय सोडला. गाडी इंजिनानं मागं ओढून धरली. वळण मागं गेलं.

थोड्या वेळानं आण्णा म्हणाले, "दुसरा टाक आता."

"टाकला की."

"कवा?"

"वळणाच्या आधी."

आण्णांनी काठीकडं बघितलं. मग माझ्या अनवाणी पायाकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता ओरडणार.

"माझ्या पायाला काय कळत न्हाई, ते जाऊ दे," ते म्हणाले. "पर कानालाबी कळलं न्हाई की गं."

त्यांनी डोळे पुसले का ते मी बघितलं नाही. पुढचं वळण आलं होतं.